हाली आणि पेस्तर : सातारा-सांगलीच्या जुन्या दस्तांतले जोडशब्द

सातारा आणि सांगली या भागांतल्या जुन्या वतनपत्रांत, इनामपत्रांत, महजरांत आणि निवाडपत्रांत महत्त्वाचा शब्द सहसा एकटा येत नाही. गाव इनाम दिला जातो तो 'कुलबाब कुलकानू', कर सोडला जातो तो 'हालीपट्टी व पेस्तरपट्टी', वतन चालायचे ते 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने', पाटलाला मिळायचे ते 'हक्कलाजिमे' आणि 'मानपान', आणि रयतेला सूट मिळायची ती 'वेठबेगारी'तून. मराठी व्याकरण अशा जोड्यांना द्वंद्व समासात बसवते आणि पुढे जाते. दस्तांच्या इतिहासात मात्र त्यांना स्वतंत्र जागा आहे. कोणत्या राजवटीत, कोणत्या भाषेच्या माणसासाठी आणि कोणत्या भांडणाच्या धास्तीने जोडी घातली गेली, हे पुष्कळदा तिच्या घडणीवरूनच ओळखता येते.

ही सवय मराठीपुरती नाही. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची काही शतके न्यायालयांत फ्रेंच व लॅटिन, तर शेतात आणि बाजारात इंग्रजी, अशी वाटणी राहिली. दस्त लिहिणारे मग एकच गोष्ट दोन्हीकडच्या शब्दांत सांगू लागले. मृत्युपत्राला देशी वळणाचा 'विल' आणि लॅटिनमधून आलेला 'टेस्टामेंट', घरफोडीला 'ब्रेकिंग' आणि 'एंटरिंग', चीजवस्तूंना 'गुड्स' आणि 'चॅटल्स'. 1362 साली न्यायालयातले वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा झाला, तरी जोड्या तशाच राहिल्या. 'टु हॅव अँड टु होल्ड'सारख्या काही जोड्यांत मात्र दोन्ही शब्द अस्सल इंग्रजी आहेत. ते नॉर्मन येण्याआधीपासून अनुप्रासाच्या जोरावर तोंडी राहिलेले. म्हणजे दोन भाषांचे राज्य हे एक कारण आणि पाठ राहण्याची सोय हे दुसरे. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात ही दोन्ही कारणे दिसतात. तिसरेही एक आहे आणि ते सर्वांत वजनदार म्हणायला हवे: देणाऱ्याच्या वारसाला किंवा पुढच्या कारकुनाला पळवाट राहू नये.

या तिसऱ्या कारणाचा माग फारसी येण्याच्या कितीतरी आधी लागतो. कऱ्हाडला सापडलेला राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाचा ताम्रपट शके 880 चा, म्हणजे इ.स. 959 चा आहे. शिलाहार मारसिंहाचा मिरजेचा ताम्रपट शके 980 चा. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांचा साचा ठरलेला असे. गाव दिले जाई ते 'उद्रंग' आणि 'उपरिकर' या दोन करांसकट, 'धान्य' आणि 'हिरण्य' अशा दोन्ही रूपांत येणाऱ्या उत्पन्नासकट, आणि 'चाट' व 'भट' या राजाच्या माणसांनी गावात पाऊल टाकू नये या अटीवर. इथे भाषांतराचा प्रश्न नाही, सगळे शब्द संस्कृतच आहेत. धान्य म्हणजे पिकातला वाटा, हिरण्य म्हणजे रोख. एक लिहिले आणि दुसरे राहून गेले, तर राहिलेल्यावर राजाचा हक्क उरतो, म्हणून दोन्ही लिहायचे. कोकणच्या शिलाहारांच्या दानपत्रांत गवत, लाकूड आणि पाणी एकत्र येतात. दक्षिणेकडे, विशेषतः विजयनगरच्या काळात, निधी, निक्षेप, जल, पाषाण अशी आठ भोगांची माळच पक्की झाली. तिच्यात 'सिद्ध' आणि 'साध्य', म्हणजे आज हाती असलेले आणि पुढे हाती येऊ शकेल ते, अशीही जोडी आहे. ती जोडी ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण तीच कल्पना पुढे फारसी वेष घेऊन पुन्हा येते.

बहमनी आणि मग आदिलशाही अमलात वाई, कऱ्हाड, मिरज ही ठाणी फारसी दफ्तराखाली आली. फर्मान फारसीत निघे. ते ऐकणारे देशमुख, देशपांडे, पाटील आणि कुलकर्णी मराठी बोलणारे. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द 1534 ते 1558) महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावले आणि त्यामुळे दफ्तरात ब्राह्मण कारकुनांचे वजन वाढले, अशी नोंद फिरिश्ता करतो. हे कारकून रोज दोन भाषांत वावरत. वरच्या हुद्देदाराला कळेल असा शब्द आणि गावच्या पांढरीला, म्हणजे वस्तीला, कळेल असा शब्द एकाच ओळीत ठेवणे त्यांना सोयीचे होते. आजच्या मराठीत घरोघरी वापरले जाणारे पुष्कळ जोडशब्द याच घडणीचे आहेत. 'कागदपत्र'मध्ये फारसी कागद आणि संस्कृत पत्र, 'धनदौलत'मध्ये संस्कृत धन आणि अरबी दौलत, 'रीतरिवाज'मध्ये संस्कृत रीती आणि अरबी रिवाज, 'बाजारहाट'मध्ये फारसी बाजार आणि 'हट्ट'पासून आलेला हाट, 'खर्चवेच'मध्ये फारसीतून आलेला खर्च आणि 'व्यय'पासून झालेला वेच. फारसीलाही ही आवड आधीपासून होतीच. 'बंदोबस्त' या शब्दात 'बंद' आणि 'बस्त' हे एकाच बांधण्याच्या क्रियेपासून झालेले दोन शब्द मधल्या 'ओ'ने, म्हणजे 'आणि'ने, जोडलेले आहेत. मराठीत येताना ती जोड बुजली आणि एकच शब्द उरला.

या दुभाषिक जोड्यांतली सर्वांत बोलकी जोडी 'वेठबेगार' आहे, आजची 'वेठबिगार'. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत फुकट राबवण्याच्या श्रमाला 'विष्टि' म्हटले आहे. मराठीत तिचे 'वेठ' झाले. त्याच श्रमाला फारसीत 'बेगार' म्हणतात. राजवट बदलली, दफ्तराची भाषा बदलली, आणि डोईवर ओझे घेऊन पुढच्या गावापर्यंत जाणारा माणूस तोच राहिला. एखाद्या गावाला वेठीतून सूट मिळाली आणि नव्या अंमलदाराने 'ही वेठ नव्हे, बेगार आहे' म्हणून माणसे धरली, तर गावाजवळ काय उत्तर असणार? दोन्ही शब्द लिहिले की तो वादच मिटतो. म्हणूनच ही जोडी इतकी टिकली, असे मानायला जागा आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याचे मराठी नावही तिच्यावरच उभे आहे.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, 1674 नंतरच्या वर्षांत, रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारातल्या सुमारे 1400 फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. वि. का. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून दाखवले आहे की 1628 च्या पत्रात फारसी शब्द मराठीच्या कितीतरी पट आहेत आणि 1728 च्या पत्रात ते थोडकेच उरले आहेत. मात्र ही मोजणी सर्व प्रकारच्या कागदांना सारखी लागू पडत नाही. घरगुती आणि राजकारणी पत्रे लवकर मराठी झाली; जमीन, कर आणि वतन यांच्या दस्तांत फारसी शब्द घट्ट बसून राहिले, कारण तिथे शब्द बदलणे म्हणजे हक्क बदलल्याची शंका उभी करणे. मुजुमदार हे आडनाव आजही आहे आणि सचिव हे पदही आहे, तसेच दस्तांचे झाले.

बदल कसा झाला, हे एका जोडीत जवळून पाहता येते. आदिलशाही अमलातल्या पत्रांच्या माथ्यावर, ज्यांना हुकूम दिला जाई त्यांच्या यादीत, 'कारकुनानी हाल व इस्तकबाल' असे येते. हाल म्हणजे आत्ताचा, इस्तकबाल म्हणजे पुढे येणारा. हुकूम आजच्या कारकुनाला आहे आणि उद्या त्याच्या जागी बसणाऱ्यालाही आहे. छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या सनदांत त्याच जागी 'देशाधिकारी व लेखक वर्तमान भावी' असे शब्द दिसतात. फारसी गेली, संस्कृत आली; जोडी आणि तिचे काम मात्र जागचे हलले नाही. बदली झालेल्या अधिकाऱ्याने केलेले काम नव्याने आलेल्याने उलटवणे ही त्या काळी नित्याची तक्रार होती. 'वर्तमान भावी' हे दोन शब्द तिच्यावरचा उपाय होते.

1708 च्या जानेवारीत शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि सनदा देण्याचे मुख्य ठिकाण तिथेच आले. पुढची चाळीस वर्षे इनामे, वतने आणि मोकासे यांचे कागद इथून निघत राहिले. त्या सनदांतले देण्याचे वाक्य जवळजवळ ठरून गेलेले असे. गाव द्यायचा तो 'कुलबाब कुलकानू, देखील हालीपट्टी व पेस्तरपट्टी, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेपसहित, खेरीज हकदार व इनामदार करून'. हे वाक्य चिटणीस न थांबता लिहीत असेल, आणि मोडीत ते एका लांब रेघेखाली अखंड लोंबतानाच दिसते. पण उलगडून पाहिले तर त्यात तीन भाषांची आणि आठ-नऊशे वर्षांची लेखनपद्धती आहे.

'कुल' म्हणजे सगळे, 'बाब' म्हणजे कराचे सदर, 'कानू' म्हणजे नेमाने, वहिवाटीने चालत आलेला कर. पहिल्या जोडीने ठरीव सदरेही आली आणि वहिवाटीचे करही आले. दुसरी जोडी काळाची आहे. हाली म्हणजे सध्याची, पेस्तर म्हणजे पुढची. मोहीम निघाली, लग्नकार्य आले, किल्ल्याची डागडुजी निघाली की सरकार नवी पट्टी बसवी. इनामदाराची खरी भीती जुन्या करांची नसून या न जन्मलेल्या पट्ट्यांची असे. 'पेस्तरपट्टी' हा शब्द सनदेत नसता, तर इनाम दर चार वर्षांनी थोडेथोडे आकसत गेले असते. ताम्रपटांतले 'सिद्ध' आणि 'साध्य' इथे 'हाली' आणि 'पेस्तर' होऊन आले आहेत. तिसरा भाग सरळ संस्कृत ताम्रपटांच्या वळणाचा: पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड, पुरलेले धन आणि ठेव. 'निधी' म्हणजे जमिनीत सापडणारा, धनी माहीत नसलेला साठा. 'निक्षेप' म्हणजे कुणीतरी ठेवलेली ठेव. शेवटची जोडी काढून घेणारी आहे. गावचे पाटील-कुलकर्णी, परगण्याचे देशमुख-देशपांडे हे हक्काचे धनी म्हणजे 'हकदार', आणि आधीच जमीन इनाम मिळालेले देवस्थान किंवा माणूस म्हणजे 'इनामदार'. त्यांना धक्का न लावता उरलेले द्यायचे. या एका वाक्यात पुनरुक्ती म्हणावी असा शब्द शोधूनही सापडत नाही. जुन्या दस्तांची भाषा फुगवलेली असते, हा समज या वाक्यापुरता तरी टिकत नाही.

वारसांच्या शब्दांत मात्र पुनरुक्ती आहे आणि ती मुद्दाम केलेली आहे. फारसी वळणाच्या दस्तांत 'अवलाद अफलाद' येते. अवलाद म्हणजे मुले आणि अफलाद हे अरबी 'अहफाद'चे, म्हणजे नातवंडांचे, मराठी कारकुनाच्या तोंडी यमक जुळवून झालेले रूप. संस्कृत वळणाच्या दस्तांत 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' येते. आणि गावच्या महजरात, जिथे गोत, म्हणजे वतनभाऊंची सभा, बसून बोलते, तिथे 'लेकराचे लेकरी' असे घरातले शब्द येतात. तिन्हींचा अर्थ एकच, आणि तिन्हींत दोन पिढ्या सांगून पुढच्या सगळ्या बांधल्या आहेत. एकाच दस्तात कधी यांतले दोन साचे शेजारी सापडतात. 'लेकराचे लेकरी' ऐकताना कुणाच्या मनात शंका उरत नसे, हे त्या दोन शब्दांचे मोठेपण आहे.

तारखाही जोडीने लिहिल्या जात. एकीकडे शालिवाहन शक आणि संवत्सराचे नाव, दुसरीकडे सुहूर सन अरबी संख्याशब्दांत. 'सन सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण 1173. हे सुहूर वर्ष इ.स. 1772-73 ला येते. आकडा खोडता येतो, शब्द खोडणे अवघड, आणि दोन कालगणना एकमेकींशी जुळल्या नाहीत तर कागद बनावट असल्याचा संशय घेता येतो. खोटे कागद ओळखण्यासाठी आजचे अभ्यासकही हीच जुळणी तपासतात.

न्यायनिवाड्याच्या कागदांत जोड्या वेगळ्या कारणाने येतात. तिथे त्या दोन पक्षांना, दोन सत्तांना समोरासमोर ठेवतात. फिर्याद मांडणारा 'अग्रवादी', उत्तर देणारा 'पश्चिमवादी'. सभा बसते ती 'दिवाण' आणि 'गोत' यांची: दिवाण म्हणजे सरकारी अंमलदार, गोत म्हणजे देशमुख, पाटील, शेटे-महाजन, बलुतेदार असे सगळे वतनभाऊ. निकालानंतर जिंकणाऱ्याने सरकारला 'हरकी' द्यायची आणि हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. हरलेला पुन्हा भांडणार नाही असे 'येजितखत' लिहून देई. गावाची जागाही जोडीनेच सांगितली जाई: 'काळी' म्हणजे पिकाची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्ती. कृष्णाकाठी नांगरलेल्या रानाचा काळा रंग आणि जुन्या गावठाणाची राखेसारखी माती पाहिली की ही जोडी कुणी पुस्तकातून आणलेली नाही, हे ध्यानात येते. महजराच्या शेवटी लिहिता न येणाऱ्यांची खूण असे. पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असे शब्द किंवा नांगराचे लहानसे चित्र येते.

वतनाच्या भांडणांत 'हक्कलाजिमे' आणि 'मानपान' हे दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेले दिसतात. हक्कलाजिमे म्हणजे धान्याचा, पैशाचा, वस्तूंचा वाटा. मानपान म्हणजे होळीची पोळी आधी कुणाची, पोळ्याला बैल पुढे कुणाचे, दसऱ्याला आपटा कुणी पुजायचा आणि विडा आधी कुणाच्या हाती. पाटिलकी दोन घराण्यांत वाटली गेली की धान्य निम्मे-निम्मे मोजता येई, पण विडा कुणाच्या तरी हाती आधी जाणारच. त्यामुळे निवाडपत्रांत उत्पन्नाची वाटणी दोन ओळींत संपते आणि मानाची वाटणी पानभर चालते. 'वडीलपण' आणि 'धाकुटपण' ही जोडी त्यासाठीच.

कृष्णेच्या खालच्या अंगाला हीच दफ्तरी भाषा पटवर्धनांच्या संस्थानांत चालू राहिली. मिरजेच्या वाटणीनंतर चिंतामणराव पटवर्धनांनी 1801 च्या सुमारास सांगलीला गादी केली. पटवर्धनांच्या दफ्तरातले कागद मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी 1897 पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापायला घेतले. साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी पु. वि. मावजी यांच्यासोबत वतनपत्रे, निवाडपत्रे, सनदापत्रे आणि करारमदार यांचे खंड प्रसिद्ध केले. 'करारमदार' ही पुन्हा एक अरबी जोडी. या दोन गावांतल्या माणसांनी ते कागद वाचून छापले नसते, तर वर सांगितलेली कितीतरी वाक्ये मोडीत गुंडाळलेलीच राहिली असती. पुढे सांगली संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. हे दोन जिल्हे एकाच दफ्तरी परंपरेचे का, ते यावरून समजते.

सनदांतल्या शब्दांची सर्वांत कठोर परीक्षा इंग्रजी अमलात झाली. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी ईस्ट इंडिया कंपनीने 25 सप्टेंबर 1819 रोजी तह केला. 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून सातारा खालसा झाला. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला मुंबई इलाख्यातली इनामे तपासण्याचा अधिकार मिळाला. मग पेटाऱ्यांतून सनदा बाहेर निघाल्या. इनाम हयातीपुरते की वंशपरंपरेचे, देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता की नव्हता, भोगवटा अखंड चालला की मधे तुटला, असे प्रश्न विचारले गेले. ज्या घराच्या कागदावर 'पुत्रपौत्रादि' लिहिलेले होते त्याला निदान एक आधार होता. ज्याच्या आजोबाला तोंडी वचनावर जमीन मिळाली होती त्याला तोही नव्हता. चिटणिसाने सवयीने लिहिलेले शब्द शंभर वर्षांनी एखाद्या घराच्या पोटाचा प्रश्न ठरवत होते.

वतने आणि इनामे कायद्याने संपली, पण जोडशब्द दस्तलेखकाच्या टेबलावर राहिले. आजच्या खरेदीखतात मिळकत विकली जाते ती चतुःसीमा सांगून, 'झाडझाडोरा, दगडधोंडा, निधिनिक्षेप आदि तदंगभूत वस्तूंसह'. लिहून देणारा 'अक्कलहुशारीने व राजीखुशीने' लिहून देतो. अक्कल आणि राजी अरबी आहेत, हुशारी आणि खुशी फारसी. जुन्या कागदांत याच जागी 'आत्मसंतोषे' हा शब्द होता. 'वालीवारस' या जोडीत दोन्ही शब्द अरबी, 'कब्जेवहिवाट'मध्ये कब्जा अरबी आणि वहिवाट मराठी, 'हक्कसंबंध'मध्ये एक अरबी आणि एक संस्कृत. अक्कल आणि हुशारी यांत आज कुणी भेद करत नाही, पण कागदावर दोन्ही असतात. 'निधिनिक्षेप' लिहिणाऱ्या आणि लिहवून घेणाऱ्या बहुतेकांना त्याचा अर्थ आता सांगता येत नाही. शिवाय जमिनीत सापडलेल्या धनाबाबत 1878 पासून वेगळा कायदा आहे, त्यामुळे तो शब्द लिहिला म्हणून विकत घेणाऱ्याला धन मिळतेच असे नाही.

इंग्रजी कायदा आल्यावर एक नवी माळ या दस्तांत शिरली. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 चा, नोंदणीचा सध्याचा कायदा 1908 चा. इंग्रजी मसुद्यांत 'राइट, टायटल अँड इंटरेस्ट' अशी तिहेरी जोड असते. तिचे मराठी रूप 'हक्क, अधिकार व हितसंबंध' असे झाले आणि ते 'कब्जेवहिवाटी'च्या शेजारी जाऊन बसले. सातारा किंवा सांगलीच्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदल्या जाणाऱ्या एकाच खरेदीखतात आता ताम्रपटांच्या वळणाचे 'निधिनिक्षेप', आदिलशाही वळणाचे 'वालीवारस' आणि इंग्रजी वळणाचे 'हक्क, अधिकार व हितसंबंध' एकाखाली एक सापडतात. शेवटी लिहून देणार, लिहून घेणार आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या असतात.